आणणाऱ्याची सही

आत्याचं लग्न थोरल्या काकांनी अडवलं, तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. नवरदेव सहासष्टचा, वेड्यांच्या इस्पितळातला एकेकाळचा आचारी. काकांनी नोंदणी कचेरीत तक्रार ठोकली: नवरी वेडी आहे, इस्पितळाने तिला अजून सोडलेलंच नाही. कारकुनाने हात वर केले. सुटकेची नोंद आणा, लग्न लावतो. नोंद नसेल तर तक्रार खरी.

इस्पितळ बंद पडून एकोणतीस वर्षं झालेली. एका सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो. नोंद नाही हे दाखवायला काका, आहे का ते बघायला आत्या, आणि दोघांनी एकमेकांचा गळा धरू नये म्हणून मी.

पहारेकऱ्याने कचेरीतून रजिस्टर काढून दिलं. कबुतरांनी त्यावर मनसोक्त अभिप्राय नोंदवले होते.

"आणणारा, थोरला भाऊ. दाखल करण्याचं कारण," मी वाचलं. "पाहुण्यांसमोर मोठ्याने हसते."

"पाहुणा शिंकला आणि त्याची कवळी माझ्या चहात पडली," आत्या म्हणाली. "मग काय रडू?"

"ते माझे होणारे सासरे होते," काका म्हणाले.

चौथ्या दिवशी डॉक्टरांचा शेरा: बरी आहे, घेऊन जावे. पुढच्या महिन्यात तोच. अकरा वर्षं दर महिन्याला तोच, आणि शेजारचा 'आणणाऱ्याची सही' हा रकाना कोरा. तिथला नियमच तसा. ज्याने आणलं त्याने सही केल्याशिवाय माणूस बाहेर नाही. हा नियम करणाऱ्यांना मात्र कुणी कोंडलं नाही. शेवटी इस्पितळालाच टाळं लागलं, तेव्हा उरलेल्यांना कागद न देता फाटकाबाहेर काढलं.

"बघ, सही नाही," काका खूश झाले.

"मग आता कर."

"आचाऱ्याला मेहुणा म्हणू मी? हात झडला तरी करणार नाही."

आत्या चिडली नाही. "बरं बाबा. निदान माझी खोली तरी बघ. एकदाही आला नाहीस."

काका नाक मुरडत खोलीत शिरले. आत्याने दार ओढून कडी घातली. त्या दारांना आतून कडी नसते.

"उघड," काकांनी दारावर लाथ घातली. "मी शहाणा माणूस आहे."

"पहिल्या दिवशी सगळे हेच सांगायचे," पहारेकरी म्हणाला.

आत्याने रजिस्टरचं कोरं पान काढलं आणि बोलत बोलत लिहायला घेतलं. "लाथा मारतो. स्वतःला शहाणा समजतो. दादा, वय काय लिहू?"

"अगं, माझं ब्लडप्रेशर वाढतंय."

"सकाळची गोळी घेतलीस ना?"

"घेतली."

"मग काही होत नाही."

थोड्या वेळाने लाथा थांबल्या. मी घाबरून कडीकडे गेलो. आत्याने माझा हात बाजूला केला.

"किती वर्षं होतीस गं इथे?" आतून आलं.

"लिहिलंय ना रजिस्टरात."

"तरी."

"अकरा. तुला वीस मिनिटं झालीत."

"दे ते इकडे."

ताट सरकवायच्या फटीतून रजिस्टर जाईना, फार जाड. आत्याने सरळ दार उघडलं. काकांना निघून जाता आलं असतं. ते उंबऱ्यावरच बसले, सही केली आणि चाळीस वर्षांपूर्वीची तारीख घालायला लागले.

आत्याने मध्ये बोट ठेवलं. "आजची घाल. उशीर तुझा आहे, तुझ्याच नावावर राहू दे."

काकांनी आजची घातली.

"आणि बुधवारी अकराला कचेरीत ये," ती म्हणाली. "एक साक्षीदार कमी पडतोय."