हुकमाचा एक्स-रे

माझे भावोजी वकील आहेत आणि ते कुणाला हे विसरू देत नाहीत. भाजीवाल्याशीसुद्धा ते 'तूर्तास एवढंच म्हणेन' असं म्हणून थांबतात.

ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली बहीण, दातांची डॉक्टर. एकवीस वर्षांत तिचा हात कुणाला जड वाटला नाही. मग एका पेशंटनं परिषदेकडे तक्रार केली, की बाईंनी माझी चांगली दाढ उपटली. डॉक्टरांना परवाना देणारी आणि काढून घेणारी ही परिषद. दवाखान्यातल्या नोंदी मीच ठेवतो, त्यामुळे त्या माणसाचा पहिल्या भेटीतला एक्स-रे मी तासाभरात शोधून काढला. त्यावर तारीख छापलेली, आणि दाढेची जागा रिकामी. ताईनं हात लावायच्या आधीच दाढ गेलेली होती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

भावोजींना कळलं नाही असं नाही, जरा जास्तच कळलं. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, हसले आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. हुकमाचा एक्का पहिल्याच हाताला टाकायचा नसतो म्हणाले. परिषदेवरच्या अडाण्यांपुढे तो कशाला वाया घालवायचा? अपिलात काढू. मी म्हटलं, आज दिलात तर आजच सुटेल. त्यावर त्यांनी माझं शिक्षण किती ते विचारलं. मी ताईकडे वळलो. नवऱ्याच्या कामात बोलू नये म्हणे. मला तेव्हा तिचाही राग आला.

परिषदेपुढे भावोजी दोन तास नैसर्गिक न्यायावर बोलले. परवाना रद्द झाला.

अपिलाला ते नवा कोट घालून गेले. न्यायमूर्ती बाईंनी एक्स-रे नीट पाहिला आणि विचारलं, हा परिषदेपुढे का आला नाही, तेव्हा सापडत नव्हता का?

"होता माझ्याकडे," भावोजी ताठ मानेनं म्हणाले. "राखून ठेवला होता."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. न्यायमूर्तींनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला धरणीनं पोटात घ्यावंसं वाटलं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. हाताशी असलेला पुरावा खाली, परिषदेपुढे, दिला नाही, तर तो अपिलात पहिल्यांदा बघता येणार नाही. अपील फेटाळलं.

माणूस तोंड लपवून बसला असता. पण नाक कापलं तरी भोकं शिल्लक असतात! निकाल कायद्याच्या मासिकात छापून आला, तर भावोजींनी त्याच्या चार प्रती आणल्या. स्वतःच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारून ते जेवणाच्या टेबलावर वाचायला बसले. आता कोर्टाकोर्टांत याचा दाखला देतील म्हणे.

"शंभर वकील शिकतील यातून," ते म्हणाले.

"आणि मी?" ताईनं विचारलं.

"तुझा प्रश्न वेगळा आहे."

ताई उठली. पर्समधून दवाखान्याची किल्ली काढून तिनं ती उघड्या मासिकावर ठेवली.

"पाटी उतरवून या," ती म्हणाली. "माझ्यानं नाही होणार."

भावोजींनी किल्ली बाजूला सरकवून पान सारखं केलं आणि विचारलं, आजच जायला हवं का.