शेवटची आठ मिनिटं

"दार तिनंच लावलं! तिनंच! आणि डाव्या हातानं लावलं!" लॉर्ननं टेबलावर मूठ आपटली तसे कॉफीचे कागदी पेले हलले. "कारण उजवा हात सातव्या भागात भाजला होता. मी चाळीस पानं खर्ची घालून हे सिद्ध केलंय, गस."

"तुझी चाळीस पानं वाचून होईस्तोवर माणूस मंगळावर जाऊन परत येईल," गस म्हणाला. आयुष्यभर शहरबस चालवलेला हा माणूस आज 'दूरबंदर' मालिकेतल्या खलाशांचा निळा डगला घालून आला होता आणि डगल्याची बटणं पोटाशी काही केल्या जुळत नव्हती. "हात कुठला का असेना! नेदाचा कप्तानावर जीव होता. त्याच्या माथी खून नको म्हणून तिनं स्वतः दार लावलं. साधी गोष्ट आहे."

"जीव होता?" डॅनिका ताडकन उठून उभी राहिली. "जीव कसला डोंबलाचा! चिडली होती ती. वाक्य वाच ना जरा!" तिनं बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या अक्षरांत गोंदलेलं होतं, 'दार मीच लावते. तुझा हात नको.' "जीव असलेली बाई असं बोलते का रे? लग्न केलंयस ना तू?"

"दोनदा. दोघीही याहून वाईट बोलायच्या."

थंडर बेच्या वाचनालयाच्या तळघरातली ती खोली हसण्यानं भरून गेली. दर शनिवारी दुपारी इथं आठ-दहा जण जमत. आज बावीस होते; दोघं तर विनिपेगहून आठ तास गाडी हाणत आले होते. कारणच तसं होतं. पंचेचाळीस वर्षं हरवलेला 'दूरबंदर' या जुन्या अंतराळ-मालिकेचा शेवटचा भाग सापडला होता.

पहिल्या रांगेत, पडद्यासमोरच्या मानाच्या खुर्चीत इर्या बसली होती आणि ती हसत नव्हती.

ती मानाची खुर्ची तिला उगाच मिळालेली नव्हती. एकोणऐंशी साली तो शेवटचा भाग लागायचा होता, त्या संध्याकाळी देशभर हॉकीचा सामना लांबला आणि सगळीकडे मालिकेवर गदा आली. इथल्या एका लहानशा दूरचित्रवाणी केंद्रानं तेवढा तो दाखवला. पुढे त्या टेपवर कुणी हवामानाच्या बातम्या चढवल्या म्हणतात. मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळाचे सभासद तेव्हा देशभरात दोनशेच्या घरात होते, पण या गावात दोनच, इर्या आणि गस. गसची त्या दिवशी संध्याकाळची पाळी. म्हणजे राहिली एकटी इर्या. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रिकेत तिनं त्या भागाची हकिगत लिहिली, साडेतीन पानं. पंचेचाळीस वर्षं जगात त्या भागाचं म्हणून जे काही होतं ते एवढंच. त्यावर वाद झाले, लेख झाले, लॉर्नचं पुस्तक झालं. नवीन सभासद आला की त्याला तिच्यापुढे आणून उभं करत. "ही इर्या. आपली साक्षीदार. हिनं पाहिलंय."

रुग्णालयाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं चादरी पिळलेल्या बाईला दुसऱ्या कुठल्या दारात असा मान मिळणार होता?

तीन आठवड्यांपूर्वी लॉर्नचा फोन आला होता. केनोराला एक म्हातारा तंत्रज्ञ वारला, त्याच्या सामानात टेप निघाली. लॉर्न आनंदानं अक्षरशः रडत होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. इर्या रोज सकाळी प्रार्थनेला बसे आणि खोटी साक्ष देऊ नकोस या आज्ञेपाशी आली की तिची जीभ जड होई. फोनकडे हात जाई आणि परत येई. पंचेचाळीस वर्षं जे जमलं नाही ते तीन आठवड्यांत कुठून जमायला?

लॉर्ननं वरच्या खिडक्यांचे पडदे ओढून टेप लावली. पडद्यावर जुनाट हिरवट उजेडात अंतराळयान दिसलं. इर्याला सगळं आठवत होतं. गळकी कोठी, चाळीस माणसांचा तळ, हवा संपत चाललेली. यानाची मेकॅनिक नेदा दुरुस्तीला कोठीत उतरते आणि तिथंच अडकते. दार बंद केलं तर तळ वाचेल, नेदा मरेल. कप्तान दारापाशी येतो. त्याची सावली दारावर पडते.

इथवर तिनं पाहिलं होतं.

एकोणऐंशीच्या त्या संध्याकाळी तिचा नवरा रेइनो बंदरावरच्या धान्याच्या कोठारातून आला. बूट काढता काढताच त्यानं विचारलं, "जेवण?"

"ओव्हनमध्ये आहे. दहा मिनिटं थांब, नाहीतर घे वाढून."

त्यानं टीव्हीची तार भिंतीतून उपटली, संच दोन्ही हातांनी उचलला, मागचं दार पायानं उघडलं आणि अंगणातल्या बर्फावर नेऊन ठेवला. एप्रिल संपत आला तरी अंगणात वीतभर बर्फ होतं. आत येऊन, हात झटकून म्हणाला, "आता बघ खुशाल." त्यानं तिच्यावर हात उगारला नाही. तो कधीच उगारत नसे. चर्चमध्ये सगळे त्याला भला माणूस म्हणत आणि दुसऱ्या दिवशी तो संच पुसून जागेवर ठेवणाराही तोच होता.

दुसऱ्या दिवशी विनिपेगहून फोन आला, हॅलिफॅक्सहून आला. काय झालं? नेदा वाचली का? काय सांगणार होती ती? माझ्या नवऱ्यानं टीव्ही बर्फात नेऊन ठेवला हो, असं? पाळी संपवून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि उरलेली आठ मिनिटं तिनं लिहून काढली. लिहिताना पेन कागदात इतकं रुतत होतं की खालच्या दोन पानांवर वळ उठले.

आता ती आठ मिनिटं तिच्यासमोर होती.

कप्तानानं दाराच्या काचेतून पाहिलं. आत नेदा काच बडवत होती. तिचं तोंड हलत होतं, पण आवाज ठेवलेलाच नव्हता. कप्तानानं कळ दाबली. दार बंद. तो वळला. पुढच्या दृश्यात सगळे भोजनगृहात बसले होते. एकानं विचारलं, "आता इंजिनाचं काय?" कप्तान म्हणाला, "पुढच्या जहाजानं नवा मेकॅनिक येईल." कुणीतरी विनोद केला, सगळे हसले. पडद्यावर नावं सरकू लागली.

नेदाचं नावही कुणी घेतलं नव्हतं.

पडदे कुणी उघडेना. शेवटी गसनं उघडले. दुपारचं ऊन आत आल्यावर सगळ्यांचे चेहरे दिसले आणि दिसले नसते तर बरं असं वाटलं.

"हे काय होतं?" डॅनिकानं विचारलं. "वाक्य कुठंय?"

लॉर्नचा चेहरा पांढरा पडला होता. मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो घाईघाईनं इर्याकडे वळला. "टेप कापलेली आहे. उघड आहे! त्या माणसानं नंतर काहीतरी जोडाजोड केली असणार. इर्या, सांग यांना. तू तर डोळ्यांनी पाहिलंयस. कापलंय ना मधलं?"

बावीस जण तिच्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर सगळ्यांनी मान्य केलं असतं. आनंदानं मान्य केलं असतं. पुढल्या शनिवारी कुणी कापलं, का कापलं, यावर वाद सुरू झाला असता आणि मेलेल्या तंत्रज्ञाला काय, काहीही म्हणता आलं असतं.

"टेप पुरी आहे," इर्या म्हणाली. "मीच अर्धं पाहिलं होतं. कप्तान दाराशी आला आणि माझ्या नवऱ्यानं टीव्ही बंद केला. पुढचं मी मनानं लिहिलं."

"मनानं?"

"मनानं."

"म्हणजे खोटं!" लॉर्न ओरडला. "अगं बाई, मी पुस्तक लिहिलंय! विद्यापीठात भाषण दिलंय त्या डाव्या हातावर! लोक हसतील मला. इतकी वर्षं तू समोर बसून माझं ऐकत होतीस, मान डोलवत होतीस, वर स्वतःच्या हातानं कॉफी देत होतीस! काय मजा वाटत होती का साक्षीदारबाईंना?"

"लॉर्न, हळू," गस म्हणाला.

"हळू का? फसवलंय हिनं!"

डॅनिका मात्र ओरडली नाही. ती इर्यासमोर येऊन उभी राहिली. एरवी तिला अहोजाहो करणारी ही पोर, आता तिच्या तोंडून ते आलं नाही.

"मी घर सोडलं ना, तेव्हा हे वाक्य घोकत सोडलं. बॅग भरत होते आणि घोकत होते. तो दारात आडवा उभा होता, त्याला हेच म्हणाले. आणि तू? तू सोडलंस तुझ्या नवऱ्याला?"

"नाही."

"किती वर्षं राहिलीस त्यानंतर?"

"तो जाईपर्यंत. अडतीस."

"अडतीस वर्षं!" डॅनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला राग आला. "म्हणजे मला दार लावायला शिकवलंस आणि आपण आत बसून राहिलीस. वा! छान!"

विनिपेगची दोघं कोट घालू लागली. कुणीतरी म्हणालं, निदान माफी तरी मागावी माणसानं. आणि तेव्हा इर्या उठली. तिला उठायला वेळ लागायचा, गुडघे गेले होते. पण उठली तेव्हा तिचा आवाज असा काही चढला की जिन्यापाशी पोचलेले थांबले.

"मागते. खोटं लिहिलं, माफी मागते. आधी सांगायला हवं होतं, त्याचीही मागते. पण आता पाहिलंत ना तुम्ही? डोळ्यांनी पाहिलंत? ती पोर काच बडवत होती. तिचा आवाजसुद्धा काढून टाकला मेल्यांनी! तो कळ दाबतो आणि जेवायला बसतो! 'नवा मेकॅनिक येईल' म्हणे! आणि राग तुम्हाला कुणाचा आला? माझा! बावीस माणसं बसलीत इथं, तिच्यासाठी एक जण तरी हळहळलात का? तुझं पुस्तक गेलं, लॉर्न. तिचा जीव गेला!"

"ती काल्पनिक आहे, इर्या," लॉर्न कडवटपणे म्हणाला.

"मग माझ्या अंगावर कशाला ओरडतोस?"

गसला हसू आवरेना. त्यानं ते खोकल्यावारी नेलं.

लॉर्ननं पिशवीतून वही काढून तिच्यापुढे टाकली. "लिहून दे. उद्या संकेतस्थळावर घालतो. सगळं लिही, आणि खाली सही कर."

इर्यानं त्याच्याच खिशातलं पेन मागून घेतलं, चष्मा पुसला आणि लिहायला बसली. 'शेवटची आठ मिनिटं मी पाहिली नाहीत. माझ्या नवऱ्यानं टीव्ही बंद केला. नेदा जे बोलली ते मी लिहिलेलं आहे.' लॉर्न तिच्या डोक्यावर उभा राहून पाहत होता. आधी अक्षरांकडे, मग तिच्या हाताकडे. ती डाव्या हातानं लिहीत होती. त्याच डाव्या हातानं तिनं त्याला इतकी वर्षं कॉफी ओतून दिली होती, पावाचा तुकडा कापून दिला होता. लॉर्नचं तोंड उघडं राहिलं. त्यानं वही घेतली, मिटली आणि कोट हातावर घेऊन निघून गेला.

हळूहळू सगळेच गेले. गसनं जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पाचला खोली रिकामी करून द्यायची होती. इर्या एकेक खुर्ची मिटून भिंतीशी लावू लागली. मधल्या रांगेत डॅनिका बसूनच होती. बाही तिनं पार बोटांपर्यंत खाली ओढून घेतली होती. इर्या बाकीच्या सगळ्या खुर्च्या लावून झाल्यावर तिच्यापासून थोडी दूर उभी राहिली.

"त्या दिवशी," डॅनिका मान वर न करता म्हणाली, "त्यानं टीव्ही बाहेर नेल्यावर. खरं सांग. काय म्हणालीस तू त्याला?"

इर्याला आठवावं लागलं नाही.

"मीठ हवंय का, म्हणाले."

डॅनिकानं मान वर केली. मग उठली. आपली खुर्ची तिनं आपणच मिटली, इर्यानं पुढे केलेल्या हातात दिली नाही, स्वतः नेऊन भिंतीला टेकवली आणि जिना चढून गेली. वर दार वाजलं.

खुर्ची घसरली आणि खालच्या फरशीवर आडवी झाली. इर्या गुडघ्यावर हात देत वाकली, तिनं ती उचलली, पुन्हा नीट टेकवली. आणि या वेळी ती राहते की नाही याची खात्री होईपर्यंत हात तसाच तिच्याजवळ धरून उभी राहिली.