ग्राउंडमधली फट

तिसरा सर्किट बोर्डही तपासणीत नापास झाला तर तैवानमधल्या शिंचूतला आमचा तिघांचा आखणी विभाग बंद करणार, असं वरून कळवलं होतं. पहिले दोन का नापास झाले ते मला पक्कं ठाऊक होतं. पण आमचे चुआंगसाहेब ऐकतील तर शपथ!

वेगवान सिग्नल जोडीनं धावतो. तांब्याच्या दोन रेघा, सारख्या लांबीच्या, शेजारी शेजारी, आणि त्यांच्याखाली तांब्याचाच सलग थर, म्हणजे ग्राउंड. पंधरा दिवस डोळे फोडून मी त्या रेघा केसभरही कमीजास्त होऊ दिल्या नव्हत्या. आणि साहेबांनी खालचा ग्राउंडच मधोमध चिरायला लावला.

"साहेब, जोडी फटीवरून गेली की सिग्नलची वाट लागते हो."

"अगं यी-रू, गोंगाट करणारे भाग एका बाजूला, शांत भाग दुसऱ्या बाजूला! तीस वर्षं ॲम्प्लिफायर केलेत मी. तेव्हा तू शाळेत होतीस."

"ॲम्प्लिफायरला चालत असेल. हा त्याच्या लाखो पट वेगानं धावतो!"

"मग पाकीट बघ. मुदत संपली असेल त्याची."

पाकीट म्हणजे तपासणीच्या यंत्रावर ठेवलेलं मक्याच्या कुरकुऱ्यांचं. ते हिरवंच हवं, ताजंच हवं, तरच यंत्र शहाण्यासारखं वागतं, अशी इथली श्रद्धा. यंत्र चालू असेपर्यंत ते कुणी फोडत नाही. मीही ठेवते, नाही असं नाही. पण पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

तिसऱ्या खेपेला कुणालाही न विचारता मी फट बुजवली आणि फाइल कारखान्यात धाडली. फसलं असतं तर आधी माझीच नोकरी गेली असती. बोर्ड बनून येईपर्यंत तीन आठवडे मला धड जेवण गेलं नाही.

"पास!" तपासणीवरचा फान ओरडला.

साहेबांनी पाकिटाला चक्क हात जोडले. मग जुन्या सवयीनं बोर्ड खिडकीच्या उजेडात धरला. आधीच्या दोन्ही बोर्डांत फटीतून उजेडाची रेघ दिसायची. या बोर्डात ती नव्हती.

"फट कुठंय?"

"बुजवली."

फाननं मान खाली घातली. साहेब बराच वेळ बोर्ड फिरवून फिरवून बघत राहिले.

"असं होतं तर आधी सांगायचं ना गं!"

अकरा वेळा सांगितलं होतं. अकरा! मी यंत्रावरचं हिरवं पाकीट उचललं, टर्रकन फाडलं आणि त्यांच्यासमोर उभी राहून खायला लागले.

साहेब "अगं, अगं" करेपर्यंत अर्धं संपलं होतं.