गादीखालची कात्री

थंडीत बाळाला अंगणात झोपवायचं, ही युटलंड या उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या आयांची पिढीजात रीत. बाहेर नाक गळून पडेल अशी हवा का असेना, दुपारचं जेवण झालं की बाळाला लोकरीत गुंडाळायचं, गाडीत घालायचं, गाडी भिंतीच्या आडोशाला लावायची आणि आपण आत कॉफी पीत बसायचं. बाळं झोपतातही अशी, की उठताना गाल नुसते लालबुंद. लोनेनं आपली दोन्ही मुलं तशीच झोपवली, तिच्या सासूनं तिचा नवरा तसाच झोपवला. फरक एवढाच, की सासू गाडीतल्या गादीखाली कात्री ठेवायची. जुनी, पोलादी, मेंढ्या कातरायची वाटावी एवढी दांडगी, आणि पाती फुलीसारखी उघडी.

"पोलाद असलं की ते हात लावत नाहीत," आजी नातीला सांगायची. ते म्हणजे दलदलीच्या काठी आल्डरची झाडं आहेत, त्यांच्यामागच्या टेकडीखाली राहणारे लोक. "नाहीतर आपलं लेकरू उचलतात आणि स्वतःचं ठेवून जातात."

लोनेचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण आजी त्या शरदात वारली आणि कात्री तिथेच राहिली. विश्वास नसला म्हणून विषाची परीक्षा कोण घेणार?

परीक्षा घेतली दाग्नीनं, आणि तीही नकळत. दाग्नी नऊ वर्षांची, लोनेची थोरली. नाताळ तोंडावर आला होता आणि झाडावर टांगायची कागदी हृदयं विणायची होती, लाल आणि पांढऱ्या पट्ट्या एकमेकींत गुंफून. शाळेतली कात्री कागद कापण्याऐवजी चघळत होती. पट्टीची कड जरा फाटली की विणताना सगळं बिघडतं. तेव्हा तिच्या धाकट्या भावाला, पाच महिन्यांच्या विगोला, आई गाडीत घालायच्या आधीच दाग्नीनं गादीखाली हात घातला आणि आजीची कात्री काढून घेतली. दुपारपुरती. पट्ट्या अशा सरळ निघू लागल्या, की परत ठेवायचं तिला भानच राहिलं नाही.

"दलदलीतल्या म्हातारीनं भट्टी लावली वाटतं," लोने खिडकीतून बघत म्हणाली. दलदलीवरून धुकं चढून येत होतं, आणि धुकं आलं की तिकडे सगळे असंच म्हणतात.

खिडकीत बाळाचा अलार्म ठेवलेला असे. एक डबी गाडीत, एक घरात. बाळ बाहेर रडलं की आत ऐकू येई. विगोच्या बाबतीत डबीची गरजच नव्हती म्हणा. त्यानं भोकाड पसरलं की चर्चच्या घंटेनं गप्प बसावं. जन्मल्यापासून पोटात कळा, रात्र म्हणू नका, दिवस म्हणू नका. लोनेचे डोळे पार खोल गेले होते. त्या दिवशी मात्र डबीतून रडणं आलं नाही. कुणी बाई गुणगुणत होती.

"आई, ऐक ना. विगोजवळ कुणीतरी आहे."

"अगं, पलीकडच्या मळ्यातल्यांचा अलार्म लागतो आपल्या डबीवर. मागेही लागला होता." लोनेनं कॉफीचा घोट घेतला. "त्यांचं बाळ एका गाण्यात झोपतं बघ. आपल्या साहेबांना अख्खी मैफल लागते."

दाग्नीचं लक्ष हातातल्या कात्रीकडे गेलं. ती तशीच मोज्यांवर बाहेर धावली. धुक्यात गाडी होती, गाडीत बाळ होतं. विगोचीच टोपी, विगोचंच नाक. फक्त ते तिच्याकडे बघून हसलं. विगो उठल्यावर कधीच हसला नव्हता.

तिनं कात्री त्याच्यासमोर धरली. हसू मावळलं, खालचा ओठ थरथरला, डोळे भरून आले, पण आवाज काही निघाला नाही. आवाज न करता रडणारं बाळ ती पहिल्यांदाच बघत होती.

पुढे घरात आनंदीआनंद झाला, आणि हीच तर खरी पंचाईत होती. बाळ हाडकलं असतं, काळंनिळं पडलं असतं, तर कुणीतरी दाग्नीचं ऐकलं असतं. पण ते रात्रभर झोपायचं, बाटली संपवून दुसरी मागायचं. लोने आता केस विंचरून बसू लागली. डेअरीचा टँकर चालवणारा तिचा नवरा प्रेबेन घरात शिरताना शीळ घालू लागला. बाळाला तपासायला येणारी नर्स बोडिल तर वजनकाटा बघून हरखूनच गेली.

"काय जादू केलीस गं लोने? हे बाळ आहे की लोण्याचा गोळा?"

"मी कुठे काय केलं! आपला आपणच शहाणा झाला."

"तो विगो नाही," दाग्नी म्हणाली.

दोघी हसल्या. "थोरल्यांचं असंच होतं हं," बोडिल म्हणाली. "आधी सगळी आई एकटीची असते ना."

प्रेबेननं तर मस्करीच केली. "विगो नसेल तर नसू दे! हा झोपतो तरी. तो जुना कुणी आणून दिलाच, तर दार लावून घे हो."

दाग्नीला असं रडू फुटलं, की हुंदका आवरेना. शेवटी तिनं आईला सगळं सांगून टाकलं. "आई, गादीखालची कात्री मी काढली. माझ्यामुळे नेलं त्याला."

"बरं केलंस बाई काढलीस ते. मला नेहमी धडकी भरायची त्या कात्रीची," लोने म्हणाली आणि तिनं लेकीच्या कपाळाचा पापा घेतला. कबुली दिल्यावर चार धपाटे मिळाले असते, तर पोरीला हलकं तरी वाटलं असतं. आता एवढ्याशा मुलीनं जायचं कुणाकडे? ऐकणारी एकच होती, ती चर्चमागच्या मातीत.

आजीनं उपायही सांगून ठेवला होता. टेकडीखालच्यांचं लेकरू रडवायचं. झोडायचं, उपाशी ठेवायचं, थंडीत उघडं टाकायचं. मग त्याची आई धावत येते, स्वतःचं उचलते आणि माणसाचं माणसाला देऊन टाकते. आई ती आई, मग टेकडीवरची असो की टेकडीखालची.

नाताळच्या आदल्या शनिवारी लोनेचे हात पिठात होते. "दाग्नी, याला जरा फिरवून आण गं. झोपेल." दाग्नीनं गाडी थेट आल्डरच्या झाडांकडे ढकलत नेली. धुकं होतंच. गोठलेल्या चिखलावर चाकं कुरकुरत होती. टेकडी दिसली तशी ती थांबली. तिनं बाळाचं पांघरूण काढलं, दुलई काढली, लोकरीचा सदरा काढला, आणि बाटली दिसेल अशी पण हाताला लागणार नाही अशी ठेवली.

"रड," ती म्हणाली. "मोठ्यानं रड!"

बाळ रडलं नाही. ते थरथरू लागलं, बोटं निळी पडली, आणि त्या निळ्या बोटांनी त्यानं तिची करंगळी धरली. दाग्नीनं दात आवळले. मनाला बजावलं, हा विगो नाही, हा माझा कुणी नाही. पण थरथरणारं बाळ थरथरणारंच असतं, त्याला काय करणार? तिनं अंगातला स्वेटर ओरबाडून काढला, त्याला गुंडाळलं, छातीशी घेतलं आणि बाटली तोंडात दिली.

तेवढ्यात विगोचं रडणं ऐकू आलं. तेच, कानठळ्या बसवणारं, घर डोक्यावर घेणारं. दाग्नीला इतका आनंद झाला, की ती किंचाळलीच.

झाडांतून एक बाई पुढे आली. समोरून बघाल तर देखणी, राखी शाल घेतलेली. विगोला झोके देताना ती वळली, तेव्हा दिसलं, की तिला पाठच नाही. मागून कणीक मळायच्या काथवटीसारखी पोकळ.

"माझा भाऊ द्या," दाग्नी म्हणाली. "तुमचं घ्या. मला माफ करा, पण माझा भाऊ द्या."

"माझ्याला काय झालंय म्हणून मी घेऊ?" बाई म्हणाली. "स्वेटरात आहे, पोट भरतंय. आमची टेकडी नांगरून नांगरून एवढीशी राहिली. ऊब म्हणून नाही."

"मग विगोला कशाला नेलंत?"

"आवाजासाठी. आमची लेकरं रडत नाहीत. आत एवढं शांत असतं, की आपण आहोत की नाही तेच कळत नाही." तिनं विगोच्या टाळूवरून हात फिरवला. "याआधी दोनदा दिली मी माझी मुलं माणसांना. एकाला केरसुणीनं मारलं, एकाला तापल्या भट्टीपाशी धरलं. दोन्ही वेळा धावत आले, परत घेऊन गेले. या खेपेला घर पारखून घेतलं. तुमच्या त्या डबीतून सगळं ऐकू येतं."

"मी मारीन याला!"

"मार," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "एक जोराची लगाव. तो कळवळला तर माझ्यानं राहवणार नाही. हा बघ, लगेच देते." आणि तिनं खरोखरच विगोला पुढे धरलं.

दाग्नीनं हात उगारला. हाताच्या अंतरावर तिचा भाऊ होता, तांबडालाल, मुठी आवळलेला. कुशीतल्या बाळानं उगारलेल्या हाताकडे बघितलं, त्याला तो खेळ वाटला, आणि तोंडातली बाटली सुटून ते खुदकन हसलं.

हात तसाच वर राहिला. मग दुखायला लागला. मग खाली आला.

"वाटलंच मला," बाई म्हणाली. तिनं विगोला परत शालीत घेतलं.

दाग्नी धावली. चार पावलांत बूट चिखलात रुतले, आणि बाई धुक्यात विरघळू लागली. कुशीत एक बाळ असताना दुसऱ्यामागे धावायचं कसं? ती जिथे होती तिथूनच रडत ओरडली, "त्याचं पोट दुखतं हो! मांडीवर पालथं घ्या त्याला, आणि पाठीवर थोपटा! आई तसंच करते!"

धुक्यात थोपटल्याचा आवाज आला. विगो क्षणभर गप्प झाला.

घरी लोने दारातच उभी होती. लेक कुडकुडत होती आणि तिचा स्वेटर बाळाच्या अंगावर होता. लोनेला भरून आलं. "बघ, लागलाच ना शेवटी लळा! आणि म्हणे हा माझा भाऊ नाही. वेडी गं माझी." तिनं दोघांना एकदमच मिठीत घेतलं. दाग्नीनं बाळाचे पाय स्वेटरात नीट खोचले. बोलून काय होणार होतं?

नाताळच्या संध्याकाळी झाडावर मेणबत्त्या लागल्या. लाल-पांढरी हृदयं सुबक निघाली होती, सगळ्यांनी वाखाणली. तांदळाच्या खिरीवर लोणी वितळत होतं. बाळ लोनेच्या मांडीवर होतं, तरी खिडकीतली डबी चालू होती. दाग्नीच ती रोज चालू करून ठेवायची.

डबी खरखरली आणि तिच्यातून रडणं आलं. लांबून, धुक्याआडून, पण जीव तोडून. दाग्नी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

लोनेचा घास हातात राहिला. तिनं मान वळवली, कान दिला. मांडीवरच्या बाळाला थोपटणारा तिचा हात थांबला.

"कुणाचं गं हे एवढं रडतंय?" ती म्हणाली. "बिचारी त्याची आई."

आणि हात लांब करून तिनं डबी बंद केली.