आवाज चालू ठेव, टिकले

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना टीव्ही आहे, आणि जुना म्हणजे खरोखरच जुना. भिंतीला चिकटून बसणारा चपटा नव्हे. माझ्या पाठीला हे एवढं कुबड आहे आणि मला उचलायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझी जात पाहिलीसुद्धा नसेल. पण मी तुम्हाला पाहिलंय. तुम्ही माझ्याकडे बघत बसता तेव्हा मीही तुमच्या तोंडाकडेच बघत असतो. मला दुसरं काम काय?

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक पट्ट्यावर झाला. एकीने माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीने काच पुसली, तिसरीने बटण दाबलं आणि माझ्यात पहिल्यांदा उजेड पडला. माझं पहिलं घर एका घड्याळजीचं होतं. काय कौतुक माझं! अख्खी आळी संध्याकाळी त्या खोलीत मावायची. पोरं पुढे जमिनीवर, मोठी माणसं मागे खुर्च्यांवर. पोरांनी बघण्यासारखं काही नसलं, की मागून घड्याळजीची म्हातारी आई उठायची आणि खटकन मला बंद करायची. कोणाची बोलायची टाप नव्हती. तेव्हा सगळं सोन्यासारखं होतं असं खोटं मी सांगणार नाही. तेव्हाही माझ्यावर रटाळ गोष्टी पुष्कळ दाखवायचे, आणि थापाही. पण माझ्यापुढे पोर एकटं नसायचं, एवढं मात्र खरं.

मग चपटे टीव्ही आले. मी माळ्यावर गेलो, अंगावर धूळ बसली, एका उंदराने माझ्या वायरीची चव घेतली. बरीच वर्षं अंधारात काढल्यावर एका टेम्पोवाल्याने मला खाली उतरवलं, वायर बदलून घेतली आणि आपल्या बहिणीच्या दारात आणून ठेवलं. "ताई, घे! फुकटात मिळाला. पोरीला सोबत होईल."

सोबत. हा शब्द लक्षात ठेवा मित्रांनो, कारण मला त्याच कामाला जुंपलं गेलं.

टेम्पोवाल्याच्या बहिणीचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान खाली, बरोबर त्याच्या डोक्यावर एकच खोली, आणि खोलीच्या खिडकीखाली दुकानाची फळी. खालचं बोलणं वर ऐकू यायचं, वरचं खाली. नवरा लांबच्या गावी बांधकामावर, महिन्याकाठी एकदा यायचा. घरात आई आणि तिची पहिलीतली मुलगी. मुलगी इवलीशी, म्हणून सगळे तिला टिकली म्हणायचे. दिवेलागणीला कचेऱ्या सुटल्या, की दुकानावर गिऱ्हाइकांची झुंबड उडायची. आईला मान वर करायला फुरसत नसायची. तेव्हा टिकली वर, माझ्यासमोर.

आईने एक नियम घातला होता. "आवाज चालू ठेव, टिकले. टीव्हीचा आवाज येत राहिला की मला कळतं, माझी बाय घरात आहे, ठीक आहे."

एकदा टिकलीने मला बंद केलं होतं. खाली आईला आवाज येईना. ती इस्त्री तशीच टाकून धावत वर आली. टिकली पलंगावर चित्र काढत बसली होती. आणि खाली एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या पँटीला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं होतं. आई त्या दिवशी खूप बोलली, मग स्वतःच रडली. तेव्हापासून टिकलीने मला कधी बंद केलं नाही. काहीही झालं तरी.

आता माझ्यावर काय दाखवायचे ते ऐका. आधी कार्टून. ससा पळतोय, कोल्हा आपटतोय, टिकली खदखदून हसतेय. कार्टून संपलं की त्याच वाहिनीवर, मधे श्वास घ्यायलाही वेळ न देता, गुन्ह्यांची मालिका. काळोखा जिना, दारावर टकटक, कोणाची तरी किंकाळी. वर पाटी: 'लहान मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली पाहावे.' पाटी इतक्या झटकन जायची की मोठ्या माणसालाही वाचता आली नसती. टिकली तर अजून काना-मात्रांत अडकलेली!

वाहिनी बदलावी? पुढच्या वाहिनीवर सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवत होती. त्याच्या पुढे बातम्या. तिथे रस्त्यावरच्या रक्ताभोवती लाल गोल काढून तोच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवत होते. जायचं कुठे पोरीने? कार्टूनच्या अधेमधेही त्या मालिकेची झलक येतच होती. एका आठवड्यात तर एकच झलक होती: एकटी मुलगी घरात, बाहेर एक माणूस गोड आवाजात म्हणतोय, "दार उघड बाळ, तुझ्या आईनं पाठवलंय मला." मुलगी कडी काढते. पडदा काळा.

मी टिकलीचं तोंड बघत होतो. पहिल्या दिवशी तिचं बिस्कीट हातातच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने शाळेचा स्वेटर आणून माझ्या काचेवर टाकला. पण आवाज बंद करायचा नव्हता ना. आणि मित्रांनो, चित्र झाकून नुसता आवाज ऐकणं जास्त वाईट. तिने स्वेटर काढला आणि माझ्याकडे पाठ करून टेबलाखाली जाऊन बसली, कानांत बोटं घालून. माझ्या पोटातल्या तारा तापल्या. पण मी काय करणार? मला हात नाहीत, आणि माझा आवाज माझा नाही.

मामाला तिने सांगून पाहिलं. मामा रविवारी यायचा, माझ्यासमोर मांडी ठोकून बसायचा.

"मामा, तो माणूस आपल्याकडे येईल?"

"कोण, तो? येऊ दे की. माझ्या टेम्पोत घालून नेतो त्याला!" मामा हसला. "भित्री भागूबाई! अगं, खोटं असतं ते सगळं."

"मग ते लिहितात की खरं घडलंय म्हणून. तूच वाचून दाखवलंस."

मामाची जरा पंचाईत झाली. "असंच असतं गं जग. आत्तापासून बघून घट्ट झालेलं बरं. काय ताई?"

आई शर्टांच्या घड्या घालत होती. "होईल सवय," ती म्हणाली. ती दमली होती. मी तिला दोष देत नाही. दोष कोणाचा ते पुढे येईलच.

दुकानाचं एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं. सगळे त्याला वाहिनीवाला म्हणायचे, कारण तो त्याच वाहिनीच्या कचेरीत होता, कुठल्या वेळी काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या खात्यात. त्याचे शर्ट पांढरे आणि आईच्या हातचे कडक. तयार कपडे आई वर खोलीत लोखंडी कपाटात ठेवायची, खालच्या धुळीत मळू नयेत म्हणून.

मग एका संध्याकाळी वाहिनीवाला घाईत आला. आईच्या हातात तापलेली इस्त्री, पुढ्यात ओली साडी, मागे माणसं खोळंबलेली.

"वहिनी, माझे शर्ट?"

"वर आहेत हो. मला हलता येत नाही. तुम्हीच जा, मुलगी काढून देईल. सांगा तिला, आईनं पाठवलंय म्हणून."

मी ते वाक्य खिडकीतून ऐकलं आणि माझी काच थंड पडली. जिन्यावर बुटांचा आवाज आला. टिकली टेबलाखालून बाहेर आली. दारावर टकटक.

"दार उघड बाळ. तुझ्या आईनं पाठवलंय मला."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर बघायचं नाही. ती ओरडली नाही. ती पावलं न वाजवता मागे सरकली, कपाट उघडलं, खालच्या कप्प्यात घड्यांच्या गठ्ठ्यावर चढून बसली आणि दार आत ओढून घेतलं. खट. कपाटाची मूठ आपोआप बसली. आतून उघडायची सोय त्या कपाटाला नव्हती. कोण कशाला करेल?

वाहिनीवाल्याने दोनचार वेळा हाक मारली. माझा आवाज त्याला ऐकू येतच होता. "टीव्हीत रंगलीय," असं पुटपुटत तो खाली गेला.

"उघडत नाही हो. तल्लीन झालीय अगदी."

"टीव्ही लागला की तिला जगाची शुद्ध नसते," आई म्हणाली. "थांबा जरा. एवढी साडी झाली की जाते."

कपाटात आधी सगळं शांत होतं. मग तिने दार ढकललं. मग परत ढकललं. मग आतून धपधप आवाज यायला लागला आणि त्यामागून रडणं. कोंडलेलं, लोखंडातून येणारं रडणं. आणि माझ्यावर त्याच क्षणी मालिकेतली मुलगी रडत होती. दोघी रडत होत्या, एक खोटी, एक खरी, आणि दोघींचे आवाज एकाच खिडकीतून खाली जात होते.

"कोण रडतंय हो वर?" रांगेतली एक बाई म्हणाली.

"टीव्हीतलं आहे ते. रोजच रडत असतं कोणी ना कोणी."

"आमचीच मालिका," वाहिनीवाला खुशीत म्हणाला. "या वेळेला सगळ्यांत जास्त बघतात."

मित्रांनो, त्या आईने आपल्या पोरीचं रडणं ऐकलं आणि साडीची पुढची घडी घातली. कारण आम्ही तिच्या कानांना तशी सवय लावली होती. कपाटातली धपधप मंदावली. दार घट्ट, आत हवा किती असणार? मला जळून जावंसं वाटलं, फुटून जावंसं वाटलं. काही झालं नाही. जुन्या वस्तू हव्या तेव्हा बिघडत नाहीत.

मग जाहिराती लागल्या. फेस, फुगे, नाचणारे टॉवेल, साबणाचं गाणं. आणि त्या गाण्याखालून रडणं येतच राहिलं.

खाली इस्त्री हवेतच थांबली.

"साबणाच्या जाहिरातीत कोण रडतंय?" आई म्हणाली. कोणी उत्तर द्यायच्या आत तिने इस्त्री टाकली आणि ती जिन्यावर होती. दाराची कडी आतून. "टिकले! टिकले गं! मी आहे, आई!" वाहिनीवाला मागून आला, त्याने खांदा लावला, कडी उखडून दार उघडलं. आईने रडण्याचा माग काढला आणि कपाटाची मूठ फिरवली. घामाने निथळलेली टिकली शर्टांच्या गठ्ठ्यासकट बाहेर कोसळली. ओठ पांढरे, नखं दारावर घासून सोललेली. तिने आईकडे बघितलं, आईच्या मागे उभ्या असलेल्या वाहिनीवाल्याकडे बघितलं, आणि अशी किंचाळली की रस्त्यावरची माणसं थांबली.

बऱ्याच वेळाने, हुंदक्याहुंदक्यांतून, तिने सांगितलं. झलक, गोड आवाज, ते वाक्य, सगळं. वाहिनीवाला रुमालाने मान पुसत होता.

"वहिनी, तशी आम्ही पाटी दाखवतो. मोठ्यांच्या देखरेखीखाली..."

"मोठी कुठे होती?" आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मोठी खाली तुमचे शर्ट करत होती. या वेळेला कोणाच्या घरात मोठं माणूस रिकामं असतं, सांगा बरं? तुम्हाला ठाऊक नाही होय? तुमचं तर कामच ते, कोण कधी घरात असतं ते बघायचं."

"लोक बघतात म्हणून आम्ही..."

"लोक नाही. माझी पोर बघते. तुमची मुलं या वेळेला काय बघतात?"

तो रुमालाची घडी घालायला लागला.

"विचारतेय मी. काय बघतात?"

"ती... पोहायला जातात. आमच्याकडे जेवणं होईपर्यंत टीव्ही लावत नाहीत."

आईने खाली पडलेले त्याचे शर्ट गोळा केले, चुरगळलेले, पोरीच्या घामाने भिजलेले, आणि तसेच त्याच्या हातात दिले. "न्या. असेच घाला उद्या."

तो पुन्हा आला नाही. मालिका आहे तिथेच आहे, कार्टूनच्या पाठीला पाठ लावून, पाटीसकट. खोटं कशाला सांगू?

आता टिकली संध्याकाळी खाली दुकानात बसते. फळीवर पाय हलवत गिऱ्हाइकांना कपडे मोजून देते, मोजताना चुकते, सगळे हसतात. मामाही हसतो, पण माझ्यासमोर बसून बढाया मारत नाही. रविवारी आई शेजारी बसली तरच मी लागतो.

पण मध्यंतरी टिकलीचे बाबा आले. आई नळावर पाणी भरायला गेली होती. टिकली एकटी वर. बाबांनी दार वाजवलं. "टिकले, उघड गं, मी आलो!" ती उघडेना. बाबांना आधी गंमत वाटली. त्यांनी आवाज बदलून नक्कल केली, गाणं म्हटलं. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आईला येऊ दे. मग बघू." महिनाभराने घरी आलेला बाप पिशवी मांडीवर घेऊन जिन्यावर बसला. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. टिकलीचं दिसत होतं.

म्हणून सांगतो मित्रांनो. तुमच्या घरच्या मोठ्यांना हे वाचून दाखवा. त्यांना म्हणावं, टीव्हीला राखण करायला ठेवू नका. तो वाईट नाही, पण त्याला उठून कपाट उघडता येत नाही. दिवेलागणीला पाच मिनिटं त्याच्याकडे पाठ करा आणि पोराच्या तोंडाकडे बघा. मग ठरवा, हे त्याच्या बघण्यासारखं आहे की नाही. आणि नसेल, तर वाहिनीवाल्यांना जाब विचारा, तेही त्यांच्या तोंडावर.

आणि तुम्हाला भीती वाटली तर? कोणी भित्रा म्हटलं तर म्हणू द्या. आवाज चालू ठेवायचा नियम असला तर तो मोडा आणि खिडकीतून स्वतः हाक मारा, मोठ्याने. माझं बटण समोर, उजव्या कोपऱ्यात, खाली आहे. तुमचा हात तिथे पोचतो.