मी पडलो ते पुसू नका

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे. किती जुना, ते माझ्या अंगाकडे बघूनच ओळखा. चार पंखांपैकी तीन काळे आणि एक पांढरा, कारण काळा दुकानात शिल्लक नव्हता. एक पाय बारीक तारेनं बांधलेला, पोटावर चिकटपट्टी. कॅमेऱ्याचा डोळा मात्र अजून शाबूत आहे. त्या डोळ्यानं जे पाहिलं तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरे दिवे होते, हातमोजे घातलेली बोटं होती. कुणीतरी माझे पंख एकदा भिरभिरवून पाहिले आणि मला खोक्यातल्या खाचेत बसवलं. त्या खाचेत मी इतका नीट बसलो होतो की वाटलं, जन्मभर असंच आरामात पडून राहायचं आहे. पडून राहणं वेगळं आणि नुसतं पडणं वेगळं, हे तेव्हा मला कुठून कळणार?

मला विकत घेतलं एका लेकीनं, आपल्या वडिलांसाठी. ते निवृत्त बस ड्रायव्हर. घरात त्यांना सगळे आबा म्हणतात, पण डेपोत त्यांचं नाव होतं 'पाळणा'. त्यांच्या बसमध्ये उभ्या माणसालाही डुलकी लागायची म्हणे. शेवटची काही वर्षं ते नवीन ड्रायव्हरना शिकवत होते. शेजारी बसून ते रस्त्याकडे कमी आणि पोराच्या पायाकडे जास्त बघायचे. पाय वेळेवर ब्रेकवर गेला तर पास, नाहीतर पुन्हा ये. भिंतीवर त्यांची एक पितळी पाटी आहे: 'संपूर्ण सेवेत एकही अपघात नाही.' आजी ती रोज पुसतात आणि आबा रोज, सहज गेल्यासारखे, तिच्यासमोरून जातात.

त्या पाटीखाली एक खिळा आहे आणि खिळ्याला गाडीची किल्ली. रोज सकाळी आबा त्या गाडीतून नातीला शाळेत सोडत. छोटी मागे बसून सगळ्या रस्त्याला बडबड करी. एके दिवशी घरी येऊन तिनं आईला सहज सांगितलं, "आज आबांनी केवढ्यांदा ब्रेक मारला! माझी पाण्याची बाटली पुढे जाऊन पडली." झालं.  लेक खालच्याच मजल्यावर राहते, लगेच वर आली.

"बाबा, उद्यापासून छोटीला मी सोडते."

"का? माझे हात थरथरतात? मला दिसत नाही?"

"तसं नाही हो बाबा..."

"मग कसं? सगळी नोकरी झाली, गाडीला ओरखडा नाही. आणि तू मला शिकवणार?"

लेकीनं विषय सोडला आणि छोटीला आबाच सोडत राहिले. चार दिवसांनी लेक मला घेऊन आली. बिचारीला वाटलं, बाबांचं मन कशात तरी रमेल. आबांनी खोका उघडला, मला उलटंपालटं करून पाहिलं आणि ती गेल्यावर आजींना म्हणाले, "बघितलंस? खेळणं देऊन किल्ली काढून घ्यायचा डाव आहे. थांब, हे असं उडवून दाखवतो की परत कुणी माझ्या हातांबद्दल चकार शब्द काढणार नाही."

असा मी त्या घरात आलो, मित्रांनो. मी उडायचं आणि आबांची किल्ली राखायची. केवढी ही जबाबदारी! आणि मी तर अजून जमिनीवरून वीतभरही उठलो नव्हतो.

इमारतीमागे मोठं मोकळं मैदान आहे. पहिल्या दिवशी मी वर गेलो आणि मला आकाश ठेंगणं झालं. खाली आबा इवलेसे दिसत होते. मग त्यांनी मला स्वतःकडे वळवलं आणि तिथंच घोळ झाला. मी त्यांच्याकडे तोंड केलं की माझं डावं ते त्यांचं उजवं. त्यांनी मला झुडपापासून दूर न्यायला म्हणून रिमोटवरची काडी ढकलली आणि मी थेट झुडपात. "वारा आला," आबा म्हणाले. पानसुद्धा हलत नव्हतं.

दुसऱ्यांदा त्यांनी घरी परतण्याचं बटण दाबलं. मी आज्ञाधारकपणे सरळ घराकडे निघालो, पण वाटेतल्या झाडाहून मी कमी उंचीवर उडत होतो, हे कुणी बघायचं? फांदीवर आपटून खाली आलो. "पक्षी आडवा आला," आबा म्हणाले. कुठला पक्षी आणि कुठलं काय! तेव्हाच मला कळलं, पडणारा एकच असतो, पण कारणं नेहमी दुसऱ्याच कुणाची तरी असतात.

प्रत्येक वेळी ते मला पिशवीत लपवून आणत, मोबाइलवर दिसणारं चित्रण तिथल्या तिथे पुसून टाकत आणि दारातूनच सांगत, "बॅटरी संपली गं." आजी पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्या तुटक्या पंखाकडे बघत राहत. मला आबांचा राग यायचा, खोटं कशाला सांगू? पण रात्री मला कपाटात ठेवताना त्यांचा चेहरा असा काही उतरलेला असे की राग कुठल्या कुठे जाई. माणूस वरून ताठ होता, पण आतून पार घाबरला होता.

शेवटचं पडणं मोठं होतं. मैदानाच्या टोकाला फुटबॉलचा गोल आहे. आबा गोलामागे उभे होते आणि मी पलीकडून त्यांच्याकडे तोंड करून येत होतो. मध्ये गोलाची आडवी दांडी. मला ती दिसत होती. आबांनाही दिसली असणार, कारण ते "अरे अरे अरे" म्हणाले. पण मला थांबवलं कुणीच नाही. माझा पाय मोडला, एक पंख उडाला आणि मी गवतात चारी मुंड्या चीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा मला टेबलावर घेऊन डिंक लावत बसले होते. आजींना मी वरून टिपलेली त्यांची फुलझाडं बघायची होती. टीव्हीचं त्यांना सगळं कळतं. त्यांनी माझ्या पोटातलं मेमरी कार्ड काढलं आणि टीव्हीला जोडलं. आता गंमत ऐका. आबा पुसत होते ते मोबाइलवरचं. माझ्या पोटात सगळं जसंच्या तसं होतं! फुलझाडं दिसली, मग झुडूप दिसलं, मग फांदी आणि मग गोलाची दांडी.

"अगंबाई! हा वारा का?" आजी म्हणाल्या. "आणि हा पक्षी वाटतं?"

आबांचा चेहरा लाल झाला. "बंद कर ते."

पण आजींना हसू आवरेना. "अहो, तुमचा पाय बघा तरी! हातात रिमोट आणि पायानं ब्रेक दाबताय!"

खरंच होतं. पडद्यावर आबा गोलामागे उभे होते आणि उजवा पाय गवतात कचकन दाबत होते. तिथे कुठला आला ब्रेक? बसमधली सवय. अंगठे मात्र काडीवर तसेच घट्ट. माझी जात अशी आहे की दोन्ही अंगठे उचलले की मी जागच्या जागी थांबतो. पण घाबरलेला माणूस अंगठे उचलत नाही, आणखी आवळतो.

आबाही हसले. मग एकदम थांबले. "परत लाव," ते म्हणाले.

आजींनी परत लावलं.

"अजून एकदा. सावकाश."

या वेळी ते पुढे झुकून बसले. डेपोतल्या पोरांच्या पायाकडे बघत असतील, तसे ते पडद्यावरच्या स्वतःच्या पायाकडे बघत होते. दांडी आली. त्यांचं तोंड उघडलं. दांडी मोठी झाली. आणखी मोठी झाली. पाय अजून जागचा हलला नव्हता. मग पाय दाबला गेला आणि लगेच सगळं आडवंतिडवं झालं.

"हे यंत्र उशिरा ऐकतं," आबा पुटपुटले.

आजींचं हसू मावळलं होतं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "यंत्र उशिरा ऐकत असेल हो. पण पाय तर तुमचाच आहे ना?"

आबांनी फांदीचं चित्रण लावायला सांगितलं. मग झुडपाचं. आबा दिसत होते तिथे तिथे त्यांनी आपला पाय पाहिला. प्रत्येक वेळी तेच. डोळ्यांना दिसत होतं, तोंड ओरडत होतं आणि पाय मागाहून येत होता. डिंकाची बाटली उघडी राहून वाळून गेली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

शेवटी त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "या माणसाला मी बस दिली नसती," ते म्हणाले. मग आजींकडे वळले. "आणि मी रोज छोटीला मागे बसवत होतो गं."

आजींनी त्यांचा हात धरला. मित्रांनो, मला हात नाहीत. असते तर मीही धरला असता.

संध्याकाळी लेक वर आली. येत्या रविवारी मला उडवून दाखवायचं आबांनी तिला कबूल केलं होतं, त्याबद्दल तिनं हसत विचारलं. आबा उठले, पाटीखालच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"बाबा, अहो, मी असं कुठं म्हटलं..."

"तू म्हणालीस तेव्हा मला राग आला. यानं दाखवलं तेव्हा दिसलं. छोटीला उद्यापासून तूच सोड." मग ते पितळी पाटीकडे वळून म्हणाले, "आता हे शेवटपर्यंत खरं राहील."

लेक रडायलाच लागली. आबा तिच्या पाठीवर थोपटत राहिले आणि वर तिलाच दटावत राहिले, "रडतेस काय? क्लच हळू सोडत जा, एवढं बघ."

त्यानंतर मी पडायचा थांबलो का? छे! चिकार पडलो. पण आता पडलो की आबा मला उचलून म्हणतात, "चला, बघू या काय चुकलं." टीव्हीसमोर दोघं बसतात. मला स्वतःकडे तोंड करून आणायचं ते त्यांनी आधी कमी केलं, मग थोडं थोडं शिकले. घरी परतायचं बटण दाबण्याआधी ते मला झाडाहून उंच नेतात. मैदानात आजी खुर्ची टाकून बसतात आणि काही आडवं आलं की ओरडतात, "अहो, सोडा!" आबा दोन्ही अंगठे उचलतात आणि मी हवेत गप्प उभा राहतो. पाय अजूनही दाबला जातो. दाबू दे. गवताला काही होत नाही.

कधी कधी आम्ही लांबच्या मोकळ्या माळावर जातो. गाडी लेक चालवते, आबा शेजारी आणि मी पिशवीतून त्यांच्या मांडीवर. समोर कुणी आलं की त्यांची मांडी ताठ होते आणि पाय खालच्या मॅटवर दाबला जातो. मागून छोटी खिदळते, "आबा, तुमचा ब्रेक लागतच नाही!" आबाही हसतात. पण गाडी त्याआधीच थांबलेली असते आणि छोटीची बाटली जागची हललेली नसते.

मित्रांनो, आता माझे दिवस फार उरले नाहीत. बॅटरी फुगत चालली आहे, मोटारी कुरकुरतात. जाण्याआधी एवढंच मागणं आहे. आम्हाला जपून उडवा, पंख पुसून ठेवा, पावसात नेऊ नका, हे तर आहेच. पण आम्ही पडलो तर ते लगेच पुसून टाकू नका. लाज वाटेल, वाटू द्या. शेजारी आपलं माणूस घेऊन एकदा नीट बघा. मी पडलो तर फार तर माझा पंख तुटतो, आणि पंख दुकानात मिळतो. काळा नसला तर पांढरा.