झाडामार्फत

थोरले आणि डॉक्टर हे सख्खे भाऊ एकाच घरात राहत होते आणि वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. थोरले वरच्या मजल्यावर, डॉक्टर खालच्या. थोरल्यांचा उभा जन्म लिफ्ट तपासण्यात गेला होता. लिफ्ट आतून पाहिलेला माणूस असल्यामुळे ते स्वतः कुठेही जिन्यानेच जात. धाकटा दातांचा डॉक्टर. दवाखाना खालीच, रस्त्याकडेच्या खोलीत.

भांडण झाडावरून झालं होतं. फाटकाजवळ वडिलांनी लावलेलं झाड होतं. त्याची मुळं गटारात शिरली आणि गटार दवाखान्यात शिरलं. थोरले मुलीकडे गेलेले असताना डॉक्टरने झाड तोडून घेतलं. परत आल्यावर थोरल्यांनी आधी उरलेल्या खड्ड्याकडे पाहिलं, मग दवाखान्याच्या पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुळासकट उपटणं हा ज्याचा धंदा, त्याच्याशी काय बोलणार." आणि खरंच बोलले नाहीत. बायकोलाही बजावलं, "त्याचा विषय या घरात काढायचा नाही. तो काय करतो, काय नाही, मला काही सांगायचं नाही." पुढे दाढ ठणकली तेव्हा ते दोन बस बदलून परक्या डॉक्टरकडे गेले. त्याने शेजारची चांगली दाढही हलवून ठेवली. तो विषय तर त्यांनी मनातसुद्धा काढला नाही.

मग त्यांनी त्याच ठिकाणी, गटारापासून जरा अलीकडे, खांद्याएवढं एक रोप लावलं. या वयात माणूस सावलीच्या आशेने झाड लावत नाही. वडिलांची जागा रिकामी राहू नये, एवढंच त्यांना हवं होतं. रोज सकाळी ते दोन बादल्या पाणी घालत.

काही आठवड्यांनी पानं पिवळी पडून माना टाकू लागली. थोरल्यांनी तिसरी बादली सुरू केली. पानं आणखी झुकली.

"कोणीतरी झाडावर काहीतरी ओततंय," ते बायकोला म्हणाले. "गुळण्या करायचं औषध असणार."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

"नाव काढायचं नाही, म्हणून कोणीतरी."

त्या संध्याकाळी ते फिरायला निघाल्यासारखे निघाले आणि समोर उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडोशाला थांबले. शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टर पांढऱ्या कोटातच बाहेर आला. हातात भरलेली बादली होती. त्याने ती बुंध्याशी सावकाश रिकामी केली आणि झाडाशी बोलू लागला, "घे बाबा. वरच्यांच्या भरवशावर राहू नकोस. गॅसवर दूध ठेवून बाजारात जाणारी माणसं ती. उद्या एक बादली जास्त आणतो."

थोरले वर आले ते थेट स्वयंपाकघरात. "तो झाडाला पाणी घालतो."

"रोज घालतो," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "तुम्ही सकाळी, ते संध्याकाळी. इथून दिसतं ना."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काही सांगायचं नाही म्हणालात. मी आपली शब्दाची पक्की."

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकल्यावर आतल्या माणसाचा होतो, तसा थोरल्यांचा चेहरा झाला.

सकाळी त्यांनी मातीत बोट खुपसलं. आत नुसता चिखल, आणि विसरलेल्या ओल्या फडक्यासारखा वास. झाड तहानेने नाही, दोघांच्या मायेने मरत होतं. ते उचलून, खड्ड्यात खडी-वाळू घालून, जरा उंचावर लावायला हवं होतं, तेही आजच. थोरल्यांनी फावडं मारून पाहिलं. एकट्याचं काम नव्हतं. ते बराच वेळ फावड्यावर रेलून उभे राहिले. मग दवाखान्याच्या खिडकीपर्यंत आवाज जाईल अशा बेताने म्हणाले, "झाडा, तुला उचलायला दुसरा माणूस लागणार. ओळखीचं कोणी असेल तर बघ बाबा."

आतली मशीनची घरघर थांबली. डॉक्टर दारात आला. "झाडा, त्यांना म्हणावं, पेशंट खुर्चीत आहे. थोडं थांबता येईल का?"

"म्हणावं, वर्षभर थांबलोय," थोरले बोलून गेले, आणि मग उगाचच टोपी सारखी करत राहिले.

डॉक्टर पेशंटचं आटपून बाह्या सरसावत आला. पेशंट घरी जायचं सोडून पायरीवर बसला आणि अर्ध्या बधिर तोंडाने सूचना करू लागला. त्यातलं कोणाला काही कळलं नाही, त्यामुळे कामात अडथळा आला नाही.

थोरल्यांनी बुंधा धरून हिसका दिला.

"झाडा, त्यांना सांग, ओढायचं नाही. आधी चहूबाजूंनी सैल करायचं. ओढलं की तुटतं."

"झाडा, म्हणावं, ऐकलं."

रोप वर आलं. बरीचशी मुळं काळी, लिबलिबीत झाली होती. मधली थोडी पांढरी, टणक. डॉक्टर गुडघ्यांवर बसला आणि कात्रीने काळी तेवढी काढू लागला. हात असा चालत होता की आपण दोन बस का बदलल्या, असं थोरल्यांना वाटून गेलं. मग खड्ड्यात खडी पडली, वाळू पडली. रोप आत ठेवून थोरले माती लोटायला वाकले, तोच ते कलंडलं.

"धर," थोरले म्हणाले. "अरे धर की, पडतंय."

"धरलंय, दादा."

पायरीवरचा पेशंट काहीतरी म्हणाला. चेहऱ्यावरून ते अभिनंदन असावं.

"आता माती सुकेपर्यंत पाणी नाही," डॉक्टर म्हणाला.

"मी कशाला घालतोय? तू तुझं सांभाळ."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघे खाली बसू लागले. दुसऱ्याने चोरून पाणी घालू नये, हे कारण दोघांनाही पटलं होतं. रोपाची उरलीसुरली पानंही गळली. थोरल्यांची भूक गेली. "नुसती काठी रोवून बसलोय आपण," ते म्हणत. डॉक्टर नखाने साल जराशी खरवडून दाखवी. "आत हिरवं आहे, दादा. जीव आहे अजून." दुसऱ्या दिवशी थोरले पुन्हा तेच म्हणत आणि डॉक्टर पुन्हा दुसरीकडे खरवडी. शेवटी वरच्या खिडकीतून हाक आली, "अहो, सोलून काढाल दोघे मिळून."

मग एका संध्याकाळी डॉक्टर मोबाइलचा उजेड पाडून बुंध्यापाशी वाकला तो वाकलेलाच राहिला. "दादा, इकडे बघ."

तांदळाच्या दाण्याएवढा कोंब होता. त्याच्या वर आणखी एक.

थोरल्यांनी खूप वेळ पाहिलं. मग मातीत बोट खुपसलं. कोरडं निघालं. "घालू या?"

"अर्धी बादली. जास्त नाही."

"तू काय झाडांचा डॉक्टर?"

"तू आहेस?"

बादली आणली. थोडं पाणी थोरल्यांनी घातलं आणि बादली धाकट्याच्या हातात दिली. "सावकाश. आणि उरलं तर उरू दे."

उरलं. ते डॉक्टरने दवाखान्याच्या पायरीवर ओतलं. तिथे धूळ झालीच होती.